पाळी जाताना

बाहत्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी दोन जिवाच्या बायका दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात आज ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या बोलत्या केल्या, तर मिलो या बाहेरून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी हे दोन शब्द हमखास निघतात. त्या खडी फोडणाऱ्यांपैकी एखादीच्या पोटात पाच महिन्यांची मुलगी होती, असं धरा. वितीएवढीच लांबी तिची, डोळे अजून उघडलेले नाहीत. पण तिच्या इवल्याशा अंडाशयांत त्या वेळी साठ ते सत्तर लाख स्त्रीबीजं तयार झालेली होती. तिच्या उभ्या आयुष्यात त्यांची संख्या पुन्हा कधीच एवढी होणार नव्हती. पुढे १९९३ मध्ये, किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी, तिला स्वतःला मुलगी झाली. ती ज्या बीजापासून झाली ते बीज तयार झालं होतं वीस वर्षं आधी, त्या खडीच्या ढिगाजवळ, आजीच्या पोटात असलेल्या आईच्या पोटात. आजीने मिलो खाऊन जे रक्त अंगात केलं, त्यावर. तुमची-माझी सगळ्यांची अर्धी सुरुवात अशीच आजीच्या पोटात झालेली आहे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही वाचूच शकलो नाही.

रजोनिवृत्ती समजून घ्यायची तर इथूनच निघावं लागतं. कारण बीजांची गळती जन्माआधीच सुरू होते. मुलगी जन्मते तेव्हा दहा ते वीस लाख उरलेली असतात. पाळी सुरू होते तेव्हा तीन-चार लाख. त्यांतली जेमतेम चार-पाचशे पिकून बाहेर पडतात, बाकीची जागच्या जागी विरून जातात. गरोदरपणात पाळी थांबते, पण ही गळती थांबत नाही. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईचीही थांबत नाही. त्या ऑपरेशनने नळ्या बांधल्या जातात, अंडाशयाला हातही लागत नाही. म्हणून 'लवकर ऑपरेशन केलं म्हणून पाळी लवकर चालली' हा समज मनातून काढून टाकावा. साठा हजाराच्या आसपास आला की पाळीचं चक्र चालवण्याएवढं बळ अंडाशयांत राहत नाही.

सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. आजच्या भारतीय बायकांच्या पाहणीत पाळी जाण्याचं सरासरी वय सुमारे ४६ निघालं. अमेरिका-युरोपात ते ५१ च्या आसपास आहे. शेवटच्या पाळीनंतर बारा महिने कोरडे गेले की मगच पाळी गेली असं म्हणायचं, म्हणजे तो दिवस मागे वळून पाहिल्यावरच कळतो. त्याच्या आधीची चार ते आठ वर्षं म्हणजे पेरिमेनोपॉज. हिशेब केला तर आपल्याकडे ही वर्षं चाळिशीत पाऊल ठेवतानाच सुरू होतात. त्या वयात ईटमधली बाई घरातलं, रानातलं, जनावरांचं असं तीन जणींचं काम एकटी करत असते. मुलीचं लग्न ठरत असतं, सासऱ्यांचं दुखणं काढायचं असतं. आपल्याला होतंय ते वयाचं आहे हे तिच्या ध्यानातच येत नाही. पाळी जाणं हे म्हातारपणाचं, आणि ती म्हातारी नाही.

या वर्षांत शरीरात काय चालतं, त्याबद्दल डॉक्टरांचाही समज बराच काळ साधा होता: इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत जातं आणि संपतं. तसं होत नाही. आटत चाललेली बोअर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. बोअरचं पाणी रोज थोडं थोडं कमी होऊन संपत नाही. मोटर चालू केली की आधी नुसती हवा, मग एकदम लोंढा, मग गढूळ धार, पुन्हा हवा, आणि एखाद्या दिवशी भर उन्हाळ्यात अशी भरून येते की वाटावं काही झालंच नव्हतं. अंडाशयांचं अगदी तसं होतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. बीज पिकवा, असा सांगावा ती एफएसएच नावाच्या संप्रेरकातून अंडाशयांना धाडते. उत्तर येईना की सांगावा वाढवते. मग एखाद्या महिन्यात अंडाशय इतकं जोरात उत्तर देतं की इस्ट्रोजेन विशीतल्या बाईपेक्षाही वर जातं. पुढच्या महिन्यात काहीच नाही. म्हणजे या काळातला बराचसा त्रास तुटवड्याचा नसून चढउताराचा असतो. म्हणूनच एका दिवशी काढलेल्या रक्ताच्या तपासणीवरून पेरिमेनोपॉज आहे की नाही हे नक्की सांगता येत नाही. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला पाळीच्या तारखा आणि लक्षणं विचारली की निदान होतं. चाळिशीच्या आत पाळी थांबू लागली तर मात्र तपासण्या करायलाच हव्यात. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेगळे उपचार लागतात.

दुसरं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन. बीज बाहेर पडलं तरच ते पुरेसं तयार होतं. बीज बाहेर न पडणारे महिने वाढले की इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि ते आवरणारं प्रोजेस्टेरॉन नसतं. अस्तर जाड होतं, वेळेवर सुटत नाही, आणि मग एकदम सुटतं. पाळी दोन महिने येत नाही आणि आली की आठ-दहा दिवस थांबत नाही, गाठी पडतात, अंगावरून इतकं जातं की बाईला रानात जाणं मुश्कील होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. सुरुवात मात्र इतकी ठळक नसते. दोन पाळ्यांमधलं अंतर सात किंवा अधिक दिवस मागेपुढे होऊ लागलं की पहिला टप्पा सुरू झाला असं तज्ज्ञ मानतात. साठ दिवस पाळी आली नाही की दुसरा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दूधवाल्याचा हिशेब आणि गॅस लावल्याची तारीख लिहितोच आपण. त्याच चौकटीत पाळी आल्याची आणि थांबल्याची खूण केली, तर वर्षभराने ते पान डॉक्टरांना कोणत्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगतं.

आता वाफांकडे येऊ, कारण विज्ञानाची खरी नवलकथा तिथे आहे. 'अंगातून वाफा निघतात', 'कानशिलं तापतात', 'मानेवरून घामाची धार लागते', 'जीव घाबरा होतो', असं बायका सांगतात. छातीतून वर चढणारी ती उष्णता दोन-चार मिनिटं टिकते, मग घाम आणि मागोमाग हुडहुडी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती ओळखू येत नाही. डिसेंबरच्या रात्री गोधडी भिरकावून उठून बसावं लागतं तेव्हा बाई चमकते. ही उष्णता येते कुठून? १९९० च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या नाओमी रान्स मृत स्त्रियांच्या मेंदूचे छेद तपासत होत्या. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे तहान, भूक, झोप आणि तापमान सांभाळणाऱ्या भागात, काही चेतापेशी नेहमीपेक्षा ठळकपणे मोठ्या झालेल्या त्यांना दिसल्या. या पेशी इस्ट्रोजेनच्या लगामात असतात. लगाम सैल झाला की त्या फुगतात, न्यूरोकायनिन-बी नावाचं रसायन जास्त सोडतात आणि शेजारीच असलेल्या तापमानाच्या केंद्राला अकारण डिवचतात. शरीराचं तापमान थोडं वरखाली झालं तरी एरवी शरीर दखल घेत नाही. ती मोकळीक साधारण ०.४ अंश सेल्सियसची असते. वाफा येणाऱ्या बायकांत ती जवळजवळ शून्यावर आलेली असते, असं संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांच्या प्रयोगांत दिसलं. चहाचा घोट, चुलीजवळचे दोन क्षण, सुनेशी झालेली बोलाचाली एवढंही पुरतं. मेंदूला वाटतं अंग तापलं, तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो आणि घाम सोडतो.

रान्सबाईंच्या त्या शोधाला औषधाचं रूप यायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. नेमक्या त्याच रसायनाचा मार्ग अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात संप्रेरक नाही; यकृतावर लक्ष ठेवून ते द्यावं लागतं. मला या गोष्टीत औषधापेक्षा मोठं वाटतं ते असं, की हजारो वर्षं बायका ज्याला वाफा म्हणत आल्या आणि घरच्यांनी ज्याला त्रागा म्हटलं, ती गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या 'स्वान' नावाच्या दीर्घ अभ्यासात निम्म्या बायकांत वाफांचा काळ ७.४ वर्षांहून जास्त निघाला. 'चार दिवस सोस, जाईल आपोआप' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वाफा फक्त वरची खूण. इस्ट्रोजेनला ओळखणाऱ्या जागा मेंदूत, हाडांत, सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, मूत्रमार्गात, कातडीत सगळीकडे आहेत, म्हणून तक्रारी इतक्या विखुरलेल्या येतात की कुणाला त्यांचा एकमेकींशी संबंधच लागत नाही. पहाटे तीनला उघडणारे डोळे. छातीत धडधड. पिठाच्या डब्यापाशी जाऊन 'मी कशाला आले' म्हणून थांबणं. ते बहुतेकींचं काही वर्षांनी निवळतं, स्मृतिभ्रंशाची ती सुरुवात नव्हे. खांदा धरणं. लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, पतीजवळ जाताना दुखणं. हे मात्र आपोआप बरं होत नाही, वाढतं, आणि त्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं जे अगदी थोड्या मात्रेत काम करतं. आणि मनाचं. नैराश्याचा धोका या वर्षांत खरोखर वाढतो, बाळंतपणानंतर ज्यांना तसा त्रास झाला होता त्यांच्यात जास्त. 'हल्ली हिचं डोकं फिरलंय' या वाक्याने गावोगाव किती बायकांचं दुखणं दाबून टाकलं असेल, त्याचा विचार केला की पोटात कालवतं.

मग निसर्गाने हे ठेवलंच कशाला? बहुतेक प्राण्यांच्या माद्या मरेपर्यंत वितात. गाय, शेळी, हत्तीणसुद्धा. पाळी गेल्यावर दशकानुदशकं जगणं सस्तन प्राण्यांत फार दुर्मीळ आहे. युगांडातल्या न्गोगो या ठिकाणच्या रानटी चिंपांझींत ते २०२३ मध्ये पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. बाकी उरतात दात असलेल्या व्हेलच्या पाच जाती. त्यांतली ऑर्का सर्वांत जास्त अभ्यासलेली: मादी चाळिशीच्या आसपास विणं थांबवते आणि ऐंशी-नव्वदपर्यंत जगू शकते. समुद्रात सामन मासे कमी झालेल्या वर्षी कळपाच्या पुढे याच वयस्क माद्या पोहतात, असं २०१५ मध्ये दिसलं. आजी जिवंत असेल तर नातवंडं जास्त जगतात, असं २०१९ मध्ये. टांझानियातल्या हाद्झा लोकांत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांना तेच दिसलं होतं: कठीण जमिनीतून कंद खणून नातवंडांना जगवणाऱ्या आज्या. पण मला सगळ्यांत थक्क करून गेला तो २०१७ चा ऑर्कांचाच अभ्यास. आई आणि लेक एकाच काळात व्यायल्या, तर आईच्या पिल्लाचा मृत्यूचा धोका लेकीच्या पिल्लापेक्षा सुमारे पावणेदोन पट. एका कुटुंबात दोन पिढ्यांची तान्ही एकदम नकोत, त्यात थोरलीने थांबावं, हे समुद्रात ठरलं. आपल्याकडे विशीत लग्न झालेल्या बाईच्या घरात सून पहिलटकरीण होते, नेमकी तेव्हाच सासूची पाळी मागेपुढे होऊ लागते. एकाच छपराखाली एकीला डोहाळे आणि दुसरीला वाफा. डोहाळ्यांचं कौतुक होतं.

भूम तालुक्यातच माणकेश्वरला जुन्या शिवालयाशेजारी सटवाईचं ठाणं आहे. जन्माला देवी आहे. मुलीला न्हाण आलं की पूर्वी मखरात बसवत. पाळी जाते तिला ना विधी, ना गाणं, ना ओटी. तरीही या टप्प्याला आपल्या समाजात एक सुटकेची बाजू आहे. मानववंशशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी १९७५ मध्ये राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत बायकांबद्दल लिहिलं, की पाळी गेल्यावर पडदा सुटतो, पुरुषांत बसता-बोलता येतं, आणि या बायका पाळी जाण्याबद्दल फारशा तक्रारी सांगत नाहीत. मान वाढला की दुखणं कमी जाणवतं, यात तथ्य असेल. पण त्यावरून 'आपल्याकडच्या बायकांना काही होत नाही' असं जे सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. आपण विचारलंच नाही, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

विचारलं की काय निघतं हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली, तो शोधनिबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी आयुष्यात कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगभरच्या आरोग्यधोरणाने तोवर गावातली बाई म्हणजे गर्भवती किंवा बाळंतीण एवढीच धरलेली होती. चाळिशीच्या बाईसाठी खिडकीच नव्हती.

ती खिडकी नसली की बाई कुठे जाते, याचं उत्तर भूमच्या शिवेला लागून आहे. बीड आणि धाराशिवच्या या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल, आणि एक दिवस काम बुडालं की खाडा, म्हणजे दंड. पहाटे चारला मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, फडात आडोसा नाही, पाणी नाही. त्यात महिन्याला दहा दिवस अंगावरून जात असेल तर? कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य सरकारच्या समितीसमोर बीड जिल्ह्याच्या पाहणीचा आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. दर सहांमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं.

या सगळ्यात एक शरीरशास्त्राची गोष्ट आहे, जी त्या बायकांना कुणी सांगितली नाही, आणि या लेखात मला मुख्यतः तीच सांगायची आहे. या वयाच्या बऱ्याचशा त्रासाचं मूळ पिशवीत नसतंच. रक्त पिशवीतून येतं, पण ते कधी, किती आणि किती दिवस जायचं हे ठरतं मेंदू आणि अंडाशय यांच्यात. पिशवी हुकूम घेणारी आहे. पिशवी काढली की रक्त थांबतं, तेवढंच. वाफा, झोप, धडधड, चिडचिड यांतलं काही त्याने थांबत नाही. शिवाय अंडाशयं ठेवली तरी त्यांचा काही रक्तपुरवठा गर्भाशयाच्या बाजूने येत असल्याने ती लवकर थकतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर जे उतरायला निसर्गाने चार ते आठ वर्षं दिली होती ते एका रात्रीत उतरतं. तिशीतल्या बाईच्या वाफा, तिची ठिसूळ होत जाणारी हाडं, हृदयविकाराचा वाढलेला धोका या सगळ्याची सुरुवात टेबलावरून उतरल्याच्या दिवशी होते. कोयता पुन्हा हातात घ्यायचा म्हणून केलेलं ऑपरेशन पुढे कंबर वाकवून तोच कोयता हातातून काढून घेतं. ज्या डॉक्टरांनी पैशांसाठी हे केलं त्यांना काय म्हणावं हे मला सुचत नाही.

जास्त जाण्यावर ऑपरेशनाच्या अलीकडे बरंच काही आहे. आधी सोनोग्राफी, थायरॉइडची तपासणी, हिमोग्लोबिन. पंचेचाळिशीपुढे बऱ्याचदा अस्तराचा तुकडाही तपासतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्या घेतात. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या अस्तर आवरतात. गर्भाशयात बसवायची, थोडं थोडं संप्रेरक सोडणारी तांबीसारखी एक वस्तू मिळते, तिने पाच वर्षं अस्तर पातळ राहतं. कितीतरी बायकांची पिशवी तिने वाचवली आहे. आणि एक औषध तर आपल्याच देशातलं: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेलं सेंटक्रोमन. 'सहेली' म्हणून ते १९९१ मध्ये बाजारात आलं, आणि आता सरकारी केंद्रात 'छाया' या नावाने गर्भनिरोधक म्हणून मोफत मिळतं. संप्रेरक नसलेला हा रेणू गर्भाशयात इस्ट्रोजेनला अडवतो आणि हाडांत मात्र इस्ट्रोजेनसारखाच वागतो. अनियमित जास्त रक्तस्रावावरही स्त्रीरोगतज्ज्ञ तो देतात. मनाने घ्यायचा नाही, पण विचारायचा जरूर. आणि गर्भनिरोधनाचं म्हणाल तर ऑपरेशन न झालेल्या बाईने पाळी चुकते म्हणून निर्धास्त राहू नये. दिवस राहू शकतात.

बाकी शरीराची डागडुजी लोहापासून सुरू होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. धाप, धडधड, थकवा यांचं खापर वयावर फुटतं आणि रक्त आठावर आलेलं असतं. गोळ्या अंगणवाडीताईकडे, आशाताईकडे मिळतात. त्या चहाबरोबर घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर लागतं. मग हाडं. शेवटच्या पाळीच्या वर्षभर आधीपासून दोनेक वर्षं नंतरपर्यंत हाडांची झीज सगळ्यांत वेगाने होते, म्हणजे मोडणाऱ्या मणक्याचा किंवा खुब्याचा निकाल पुष्कळसा याच तीन वर्षांत लागतो. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं भारतीय शिफारस सांगते. भूम आणि कुंथलगिरीचा हा भाग खव्यासाठी नावाजलेला; दूध भट्टीवर जातं, खवा पुण्या-मुंबईला जातो, आणि भट्टीशेजारच्या बाईच्या चहात दुधाचा रंग तेवढा असतो. एक ग्लास दूध किंवा वाटीभर दही तिच्यासाठी घरात मागे ठेवणं हे औषधाइतकं मोलाचं आहे. तिळात शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, हुलग्यात अडीचशेच्या वर. तिळाची चटणी आणि हुलग्याचं माडगं हे आपल्या आज्यांचं खाणं. सोयाबीन मात्र चमत्कार करेल असं समजू नये. धाराशिव-लातूरची सगळी काळी रानं सोयाबीनने भरलेली आहेत आणि त्यात इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले रेणू आहेत हे खरं, पण वाफांवर त्याचा परिणाम अभ्यासांत कधी थोडा, कधी अजिबात नाही असा निघतो. प्रथिनं म्हणून खावं. मिश्री सोडावी. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते हे सिद्ध आहे, आणि दाताला लावायच्या भाजलेल्या तंबाखूतही निकोटिन तेच.

संप्रेरकांच्या उपचाराचं एवढं भय का बसलं, तेही सांगायला हवं. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक प्रचंड प्रयोग मध्येच थांबवला गेला, संप्रेरकं घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार वाढलेले दिसले म्हणून. जगभर लाखो बायकांनी गोळ्या फेकल्या. त्या प्रयोगातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, ही गोष्ट बातम्यांत हरवली. नंतर वयानुसार आकडे लावले तेव्हा दिसलं, की साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलेला उपचार बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त देतो. कर्करोगाची वाढ दर हजार बायकांमागे वर्षाला एकीपेक्षाही कमी होती. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत, यकृताचा आजार आहे, त्यांना तो चालत नाही. पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर अस्तर वाढतं. एवढं समजून निर्णय तिने आणि डॉक्टरांनी मिळून घ्यावा. ज्यांना संप्रेरकं नकोत किंवा चालत नाहीत त्यांच्यासाठी नैराश्यावरच्या काही औषधांची छोटी मात्राही वाफा कमी करते.

हे गावात कोण समजावणार, असं म्हणणाऱ्यांना मी शेजारच्या जामखेडकडे बोट दाखवेन. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि अक्षर न ओळखणाऱ्या, कितीतरी दलित, बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केलं. रक्तदाब, बाळंतपण, कुष्ठरोग या बायकांनी गावाला समजावले. पाळी जाण्याची गोष्ट त्याहून अवघड नाही. प्रत्येक गावात आशाताई आहे, आणि कितीतरी आशाताई स्वतःच या वयात आहेत.

एक गोष्ट मात्र कुणाचीही वाट न पाहता करावी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी पुन्हा दिसला, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये वा संबंधानंतर रक्त गेलं, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. ते वयाचं समजून घरी बसायचं नाही. आणि कर्करोग, मोठ्या गाठी अशा खऱ्याखुऱ्या कारणाने पिशवी काढायचीच ठरली, तर टेबलावर चढण्याआधी एवढं विचारून घ्यायचं: दोन्ही अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का? या पट्ट्यातल्या कितीतरी बायकांना आपलं नेमकं काय काढलं हे आजही माहीत नाही, कारण कागद दवाखान्यातच राहिला किंवा घरात भिजून गेला. डिस्चार्ज कार्डवर ते लिहून घ्यायचं आणि आधारकार्डाच्या पिशवीत ठेवायचं. पुढे पंचावन्नाव्या वर्षी मनगट मोडून ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, तर तिचं हाड कधीपासून इस्ट्रोजेनविना आहे हे त्याला त्या एका ओळीवरून कळेल.